शिट्टीचा दरवाजा

लिफ्टमध्ये एका वेळी आठच माणसं मावायची, म्हणून ताईच्या सहलीत पाहुणे सातच असत; आठवी ती स्वतः. सकाळी नऊला स्टेशनसमोरून गाडी निघायची. आधी मिठाची जुनी खाण, मग ताईच्याच घरी जेवण, आणि दिवस मावळायच्या आत परत. अठरा वर्षं ती हे करत होती. त्याआधी तिचे वडील करायचे. ते त्या खाणीत मुकादम होते. खाण बंद पडली, लोक ती बघायला येऊ लागले, आणि खाणीचा कानाकोपरा पाठ असलेला माणूस गावात तेवढा एकच उरला होता. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी टॉर्च आणि हेल्मेटांची पेटी लेकीच्या स्वाधीन केली. सोबत गोष्टही दिली.

ती गोष्ट गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा तोंडपाठ होती. तो म्हणायचा, "ताई, एक दिवस तुमचा घसा बसू दे, मी उतरतो खाली. गाणाऱ्या बाईचा आवाजही काढून दाखवतो. लोक पुन्हा म्हणून येणार नाहीत!"

त्या दिवशी एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, एकाच ऑफिसातले चौघे होते, आणि एकट्या आलेल्या एक आजी. सत्तरी ओलांडलेल्या, पण पाठीचा कणा ताठ. खांद्याला स्वतः शिवलेली कापडी पिशवी, तिची शिवण अशी की मशीनने हात जोडावेत. त्यांनी आठवड्यात तीनदा फोन करून एकच विचारलं होतं, "त्या पोराची गोष्ट सांगतात, ती हीच सहल ना?"

खाली नेहमीसारखंच झालं. थंडीने सगळे एकमेकांना चिकटून चालू लागले. ताईने टॉर्च भिंतीवर मारला तशी भिंत आतून उजळल्यासारखी दिसली आणि नवी नवरी "अगं बाई!" म्हणाली. ताई म्हणाली, "चाटून बघा हवं तर, खरंच मीठ आहे." ऑफिसातल्या एकाने चाटून बघितली, खाली पडलेला एक खडा उचलला आणि म्हणाला, "आमच्या घरच्या भाजीत मीठ कायम कमी असतं. हा तुकडा खिशातच ठेवतो." सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. पाय सांभाळत त्या मागून येत होत्या.

तिसऱ्या मजल्यावरचा बोगदा एका लोखंडी दरवाजापाशी संपतो. दरवाजा गंजून लाल झालेला, आणि कडांवर मीठ असं साचलेलं की दार कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते ते कळू नये. इथं ताई सगळ्यांना टॉर्च विझवायला सांगायची आणि अंधारात गोष्ट सुरू करायची.

"फार वर्षांपूर्वी या खाणीत एक पोरगा होता. कामात वाघ, पण तोंडाला कुलूप नाही. सारखा शीळ घालायचा, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. एक दिवस त्याला भिंतीतून कुणा बाईचं गाणं ऐकू आलं. त्याने शीळ घालून साथ दिली. बाई गात राहिली, हा तिच्यामागे आत आत जात राहिला, आणि त्याच्यामागे भिंत मिटली. अजूनही दाराला कान लावला तर..."

लोक अंधारात चाचपडत दाराला कान लावायचे. कुणाला पाणी ठिबकताना ऐकू यायचं, कुणाला स्वतःचंच रक्त. नव्या नवरीने नवऱ्याला चिमटा काढला आणि तो ओरडला. पुन्हा हशा पिकला.

टॉर्च लागले तेव्हा आजींनी दाराला कान लावलेला नव्हता. त्यांनी त्यावर उघडा तळहात टेकला होता.

"त्याला एवढी चांगली शीळ कशी यायची, ठाऊक आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"गोष्टीत तेवढंच आहे, आजी."

"पुढचा दात अर्धा तुटला होता त्याचा. झोक्याची फळी लागून. झोका मी ढकलला होता." त्यांनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला. "माझा भाऊ तो."

गाडीत ताई त्यांच्या शेजारी बसली. मागे ऑफिसवाले फोटो बघत होते. आजी हळू आवाजात, टाके मोजत बोलावं तशा बोलत होत्या.

"अठ्ठावन्न वर्षं झाली. मी पंधराची होते. खाणीतून दोघे जण आले घरी. म्हणाले, तुमचा मुलगा काम सोडून पळाला, एका बाईच्या नादी लागला होता. आई म्हणाली, शक्य नाही. तर त्यांनी कागद दाखवला. गाठोडं घेऊन फाटकातून जाताना त्याला पाहिलं, म्हणून एका कामगाराने सही केली होती. मग काय करणार? आईने त्याचा फोटो उतरवला. घरात त्याचं नाव काढायची चोरी झाली. मला दोन स्थळं आली, दोन्ही फिरली. ज्या घरातला मुलगा असा, त्या घरातली मुलगी कशी असेल, म्हणाले. मग मी मशीनवर बसले ती बसलेच."

"आणि आता कसं काय आलात?"

"शेजारणीची नात तुमच्याबरोबर येऊन गेली. परत आल्यावर मला गोष्ट सांगत बसली, गंमत म्हणून. शिट्टी म्हणाली आणि माझ्या हातातली सुई पडली. पळून गेलेल्या माणसाची गोष्ट खाणीच्या आत कशी असेल, बाई? ती फाटकाबाहेर सुरू व्हायला हवी."

गोष्ट ताईला बाबांनी दिली होती. बाबांना कुणी दिली, हे तिने अठरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायची गरजही राहिली नव्हती, आणि तरी घर येऊच नये असं तिला वाटत होतं.

घरी वहिनीने नेहमीचा बेत केला होता. जाड्या मिठात पुरून भाजलेला मोठा मासा, तसेच बटाटे, आणि भट्टीतून नुकताच काढलेला पाव. मिठाचं कवच दगडासारखं घट्ट होतं. पाहुण्यांनीच ते लाकडी हातोडीने फोडायचं, ही सहलीतली मोठी मौज असायची. वहिनी ताट वाढताना म्हणाली, "घाबरू नका, मीठ बाहेरच राहतं, आत जेवढं हवं तेवढंच जातं." टेबलाच्या टोकाला बाबा बसले होते. पाहुण्यांना मुकादमांशी बोलायला आवडायचं आणि ब्याऐंशीव्या वर्षी बाबांनाही तेवढाच विरंगुळा होता.

आजी त्यांच्या समोर बसल्या. एक घास खाल्ला, आणि विचारलं, "मुकादम, शिट्टी कोण होता?"

"गोष्टीतला आहे तो," बाबा म्हणाले. हे उत्तर त्यांनी हजारदा दिलं असेल.

"त्याचा पुढचा दात अर्धा होता."

बाबांनी मान वर केली. हातातला पाव त्यांनी ताटात ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"तुम्ही कोण?"

"धाकटी बहीण."

बाबा सुनेला म्हणाले, "पाहुण्यांना चहा अंगणात दे." वहिनीला काही कळलं नाही, पण सासऱ्यांचा चेहरा बघून तिने सगळ्यांना ताटांसकट बाहेर नेलं. ताईही निघाली तेव्हा बाबा म्हणाले, "तू थांब. तूही ऐक."

"दारावर मी होतो," ते म्हणाले. "चोवीस वर्षांचा. माझं काम एकच. घंटा झाली की माणसं बाहेर घ्यायची आणि दार लावायचं. त्या दिवशी आत पाणी फुटलं. मिठाच्या खाणीत पाणी म्हणजे छत तोलणारे मिठाचे खांबच विरघळायचे. वरच्या मजल्यांवर दोनशे माणसं होती. माझ्या दारातून एकेचाळीस बाहेर आली. आत गेली होती बेचाळीस. मी थांबलो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तोवर थांबलो. मग लावलं."

"मग?"

"मग शीळ ऐकू आली. पलीकडून. अगदी दाराजवळून. पाणी दाबत असताना ते दार उघडत नाही. दहा जणांनी ओढलं तरी नाही. मी ओढून बघितलं."

आजींनी टेबलाची कड धरली होती. "किती वेळ?"

"काय?"

"शीळ. किती वेळ चालली?"

"थोडा वेळ," बाबा म्हणाले. आणि मग, खोटं बोलायचं आता त्राण उरलं नसावं, म्हणून म्हणाले, "तासभर."

ताईने बाबांकडे बघायचं टाळलं. तिला आठवत होतं, लहानपणी घरात कुणी शीळ घातलेली बाबांना चालायची नाही. ती आणि भाऊ मागून त्यांची नक्कल करून हसायचे.

"दार लावलं त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजूनही चढला नव्हता. "दोनशे माणसं होती. पण सही? सही कुणी केली?"

बाबांनी मान खाली घातली. "साहेब म्हणाले, खाणीत माणूस मेला असं झालं तर खाण बंद होईल, सगळं गाव रस्त्यावर येईल. एक सही कर. कंपनीचं मीठ खात होतो. केली. वर्षभराने मुकादम झालो."

"तुम्ही मीठ खाल्लंत. आम्ही काय खाल्लं, ते कधी येऊन बघितलंत?"

"नाही. धीर झाला नाही."

"आणि वर ही गोष्ट! बाईच्या मागे गेला म्हणून! मेल्यावरसुद्धा तेच?"

"लोक यायला लागले तेव्हा त्या दारापाशी मला काही बोलता येईना. गप्पही राहवेना. त्या खोट्यात बाई होतीच, तीच घेतली मी. म्हटलं, निदान रोज कुणीतरी त्याचं नाव घेईल." बाबा रडत होते, पण त्याचं त्यांना भान नव्हतं. "माफ करा असं म्हणायचं तोंड नाही मला."

"नाही ना? मग म्हणू नका," आजी म्हणाल्या. त्यांनी ताट पुढे सरकवलं, उठल्या, आणि ताईला म्हणाल्या, "मला पुन्हा खाली न्याल का?"

ड्रायव्हरने एरवी सतरा प्रश्न विचारले असते. या वेळी त्याने मुकाट्याने गाडी काढली.

खाली दोघीच उतरल्या. ताईने एक रिकामं खोकं आणून दारापाशी ठेवलं आणि टॉर्च जमिनीवर ठेवून ती चार पावलं मागे सरकली. आजी बसल्या. मग, सकाळी गेलेला माणूस दुपारी जेवायला आल्यावर त्याच्याशी बोलावं तसं बोलल्या.

"दादा, आई गेली रे. बत्तीस वर्षं झाली. तिला काही कळलं नाही. शेवटपर्यंत चिडून होती तुझ्यावर. मीही होते." त्यांनी नाक पुसलं. "मला वाटायचं, कुठंतरी बायकोमुलांत मजेत असशील. तुझी पोरं मोठी झाली असतील. मनातल्या मनात तुझ्याशी किती भांडले मी! आणि तू इथं, एवढ्या जवळ. दोन तासांवर."

तेवढंच. ताईने जवळ जाऊन हात धरला तेव्हा तो बर्फासारखा गार होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, आणि तिचा हात धरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी नवे सात पाहुणे त्याच दारासमोर उभे राहिले. ताईने टॉर्च विझवायला सांगितले नाहीत. उजेडातच जे घडलं ते सांगितलं. दार कुणी लावलं, हेही सांगितलं आणि "ते माझे वडील" म्हणाली. कुणी दाराला कान लावला नाही. एका बाईने विचारलं, "म्हणजे तो अजून आतच आहे?" ताई "हो" म्हणाली. आठवड्याभरात, तिच्याकडे पाहुणे पाठवणाऱ्या सहलीच्या ऑफिसातून फोन आला. "बाई, लोक सुट्टीत हसायला येतात, रडायला नाही. गाणारी बाई परत आणा." ताईने ऐकून घेतलं आणि जे सांगत होती तेच सांगत राहिली. पाहुणे सातांचे पाच झाले, कधी तीन. वहिनीने लहान मासा आणायला सुरुवात केली.

बाबांनी तिला समोर बसवून एक कागद लिहायला लावला. कोण, कधी, कुठल्या मजल्यावर, किती वाजता. पहिला कागद खोटा होता आणि तो मीच दिला होता, हेही. सही करायला त्यांना चार वेळा पेन बदलावं लागलं. एक प्रत खाणीच्या कचेरीत दिली. तिथल्या कारकुनाने ती वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "याचं आता काय करायचं असतं, मला खरंच माहीत नाही." दुसरी प्रत घेऊन ताई बसने आजींच्या गावी गेली.

आजी मशीनवर बसल्या होत्या. कुणाच्या तरी मुलीचा शाळेचा गणवेश शिवत होत्या. त्यांनी उभ्यानेच कागद वाचला, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. तारखेपाशी बोट थांबलं.

"या दिवशी आईने त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घालून त्यांनी ती सुयादोऱ्यांच्या डब्यात ठेवली आणि ताईला पाणी दिलं. "बसा" म्हणाल्या नाहीत. ताई पाणी प्यायली आणि निघाली.

घरी बाबा अंगणात वाट बघत होते. "काही म्हणाल्या?"

"घेतला कागद."

"आणखी?"

"आणखी काही नाही, बाबा."

त्यांनी मान डोलावली. वहिनी आतून जेवायला हाका मारत होती. बाबा उठायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना जमत नव्हतं. ताईने त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं.