माय, माय!

मी रांजण बोलतोय. दचकू नका. दचकणाऱ्यांनीच माझं नाव खराब केलंय.

माझा जन्म बसऱ्याकडचा. कुंभाराने मला असं पोट दिलं की गलबतावर चढवताना खलाशी एकमेकांवर खेकसले. तिथून मी कतारला आलो. दोहा शहराबाहेर, अल रय्यानच्या वाटेवर मोत्यांच्या एका व्यापाऱ्याने गरीबखाना उघडला होता. घरदार नसलेली आजारी माणसं तिथे यायची. मी ओसरीत उभा असायचो आणि राखणदार अबूबकर मला रोज भरायचा. इथे पाण्याला ‘माय’ म्हणतात. जो तो माय, माय करत माझ्याकडेच यायचा. त्यामुळे मला जरा गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू?

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात कोकणातला रहमान तापाने फणफणत आला. तीन दिवस तो एकच शब्द बोलला, “माय.” अबूबकर पेला भरून न्यायचा. रहमान मान फिरवायचा, पाणी उशीवर सांडायचं आणि पुन्हा, “माय!” असा चाहता मला कधी मिळाला नव्हता. तो गेला तेव्हा मी रडलो. पाझरलो म्हणा हवं तर.

मागच्या कबरस्तानात सगळ्या कबरी सारख्याच. वाळू आणि दगड, नाव कुणाचंच नाही. हा बिचारा तहानलेलाच गेला असं वाटून अबूबकरने मला गडगडत नेलं आणि रहमानच्या कबरीच्या उशाशी उभं केलं. कुणी विचारलं तर “पाखरांसाठी” म्हणायचा.

पुढे गरीबखाना बंद पडला. अबूबकर तिथेच झोपडीत राहिला, पण त्याचे गुडघे गेले आणि मी कोरडा पडलो. रिकाम्या पोटात वारा शिरला की माझ्या तोंडून ‘घूंऽऽ’ असा आवाज निघतो. यात भूत कुठे आलं? पण बातमी पार दोह्याच्या बाजारात पोचली. एक ड्रायव्हर तर चप्पल टाकून पळाला.

एकसष्ट साली जुम्म्याची नमाज आटोपून दोघे जण आले. एक रहमानचा धाकटा भाऊ दिलावर, तेल कंपनीतला क्लार्क. दुसरा त्याच्या खोलीतला फजल सुतार. वारा होताच. मी घूं केलं.

“मी नाय येत पुढं. खलास!” म्हणत फजल दिलावरच्या मागे लपला. फजल त्याच्या दुप्पट रुंद. लपतोय कसला!

“अरे, मायचं काम हाय,” दिलावर म्हणाला.

माय म्हणजे पाणी, म्हणजे माझंच काम! मी ताठ उभा राहिलो.

दिलावरने अबूबकरला सगळं सांगितलं. रहमानने मरण्याआधी दोन वर्षं घरी पत्र धाडलं नव्हतं. त्यांच्यात लेक गेला की आई त्याला पाजलेलं दूध बख्शते, माफ करते. नाहीतर त्याच्या जिवाला सुटका नाही असं मानतात. पण या दोघा भावांची आई हजराबी सहा वर्षं रुसून बसल्या होत्या. “मरताना तरी त्याने माझं नाव घेतलं का, ते कळू दे, मगच बख्शीन,” म्हणत होत्या.

मुंबईला चार फेऱ्या मारलेला अबूबकर हिंदीत म्हणाला, “वो हिंदी आदमी? याद है. तीन दिन बोला माय, माय. हम माय दिया. मुँह फेर दिया. फिर बोला माय.” आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

दिलावर मटकन वाळूत बसला. “चाचा, हमारे यहाँ माय मतलब उम्म. अम्मा.”

“या अल्ला!” अबूबकरने कपाळावर हात मारला. “और मैं पानी पिलाता रहा!”

फजल भूत विसरून हमसाहमशी रडायला लागला. आणि मी? माझा एकुलता एक चाहता, त्याने मला हाक मारलीच नव्हती. सगळा गर्व क्षणात उतरला, आणि त्याच्यासाठी आत कुठेतरी तुटलं.

आता माझ्या पोटाला भेग पडलीय. फार दिवस टिकेन असं वाटत नाही. म्हणून त्या भेटीनंतर दोन महिन्यांनी हजराबींचं जे पत्र आलं, ते सांगून ठेवतो. दिलावरने ते कबरीशी उकिडवं बसून मोठ्याने वाचलं:

“रहमान, माज्या बाला, दूध बख्शलं. तीन दिवस तू मला हाका मारल्यास, आणि मला हितं एक उचकीपण लागली नाय. आता तू मला माफ कर.”