चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

"अहो बाई, 'नाही' लिहा आणि मोकळ्या व्हा!" साहेबांनी फॉर्म टेबलावरून परत तिच्याकडे सरकवला. "अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कुणाला कळणार आहे?"

"मला माहितेय ना," काटेबाई म्हणाली.

कारखान्यात तिला सगळे काटेबाईच म्हणत. वाफेचा दाब दाखवणारे गेज तपासायचे, काटा खरा बोलतो की खोटा ते वहीत लिहायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. काटा थांबेल तोच आकडा लिहायचा, आपल्याला हवा तो नाही. आता गेजचं टेबल नव्या बंदिस्त विभागात हलणार होतं. तिथे शिरायला सुरक्षा मंजुरी हवी. ती मिळाली नाही, तर गोदामात खोकी मोजत बसायचं.

फॉर्ममधला चौदावा प्रश्न असा होता: कार्यालयीन संगणकाचा परवानगीशिवाय वापर कधी केला आहे का? काटेबाईने ठसठशीत 'हो' लिहिलं होतं.

केला होताच. साहेबांनी रजेवर जाताना आकडे भरण्यापुरता आपला पासवर्ड तिला दिला होता. आकडे भरून झाले आणि तिची नजर कर्मचाऱ्यांच्या गोपनीय अहवालांवर गेली. बढती तिसऱ्यांदा हुकली होती. राहवलं नाही. स्वतःचा अहवाल तिने उघडून वाचला.

"तुमच्या 'हो'मध्ये माझी मान अडकेल, त्याचं काय?" साहेबांचा आवाज खाली आला.

"तुमच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं ते तुम्ही बघा, साहेब."

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. "सगळ्यांनी 'नाही' लिहिलंय. तुलाच कसली एवढी खाज?"

"बावीस वर्षं दुसऱ्याच्या चुका लिहिल्या. माझी वेळ आली की खोटा आकडा लिहू?"

चौकशीला बसलेली अधिकारी तिच्या मुलीच्या वयाची होती. "पासवर्ड कोणी दिला?"

"ते मी सांगणार नाही. मी माझ्यापुरतं बोलायला आलेय."

"बरं. अहवालात काय वाचलंत?"

"'प्रामाणिक, पण हट्टी.'"

अधिकारी बाईने फाईल चाळली. त्या वर्षीच्या अहवालात तेच शब्द होते. तिला आलेलं हसू तिने खोकल्यात लपवलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा भ्यायले होते. आता नाही भीत."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मंजुरी नाकारली होती, फेरअर्ज वर्षभराने. 'नाही' लिहिणाऱ्या सगळ्यांच्या गळ्यात मंजुरीची निळी कार्डं आली, साहेबांच्याही. काटेबाईला संताप आला, रडूही आलं. दोन्ही गिळून तिने वही साहेबांच्या हातात दिली.

"तीन नंबरचा गेज थोडा पुढे पळतो. लिहून ठेवलंय. झाकू नका."

साहेबांनी वर पाहिलं नाही.

गोदामाकडे जाताना ती कार्यालयाच्या खिडकीशी थांबली. "फेरअर्जाचा फॉर्म द्या."

"बाई, त्याला अजून वर्ष आहे!" कारकून म्हणाला.

"असू दे."

तिने उभ्या उभ्याच चौदावा प्रश्न शोधला आणि पुढे 'हो' लिहिलं. नाव, पत्ता, सगळं कोरंच ठेवलं. फॉर्मची घडी डब्याच्या पिशवीत घातली आणि ती खोकी मोजायला गेली.