तोफनौकेचं मानपत्र

आमच्या चौसाळ्याच्या शाळेत एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याने आपलं मानपत्र आपणच लिहून द्यायचं. वाचणारा दुसरा, आपण फक्त लाजायचं. मुख्याध्यापक अजिनाथ म्हणाले, "मन्मथप्पा, सोमवारपर्यंत द्या. जरा भरगच्च होऊ द्या."

मी भूगोलाचा मास्तर. एकतीस वर्षं समुद्र शिकवला, पाहिला मात्र नाही. दोन दिवस कोरा कागद घेऊन बसलो. पुरस्कार नाही, पदक नाही, बदलीसाठी कुणाशी भांडलो म्हणावं तर तेही नाही. व्यासपीठावर शेजारी बायको, गंगासागर, बसणार आणि तिच्यादेखत भ्रमाचा भोपळा फुटणार, याची मला मनापासून लाज वाटत होती.

मला सखोल ज्ञान एकाच गोष्टीचं आहे. नॉर्वेच्या आरमाराची एकोणिसाव्या शतकातली एक तोफनौका. इंटरनेटवर सापडली तेव्हापासून, गेली अकरा वर्षं, तिचाच अभ्यास. अंगाने एवढीशी, तोंडाशी तोफ केवढी. स्वीडनशी लढाई होणार म्हणून सज्ज राहिली. लढाई झालीच नाही. पुढे तोफ काढून तिला सुरुंग पेरायला लावलं, मग जर्मनांनी पकडली, म्हातारपणी फेरीबोट झाली. शेवटी मी तिचंच चरित्र लिहून दिलं. नौकेच्या जागी 'सर' घातलं, इतकंच.

सोमवारी फेटा बांधून बसलो. अजिनाथ वाचू लागले, "लढाई झाली नाही, तरी सर सदैव सज्ज राहिले. इतरांच्या ताब्यात गेले, तरी बुडाले नाहीत. उतारवयात त्यांनी अनेकांना पैलतीरी पोचवलं." टाळ्या पडल्या. मानपत्र ऐकतो कोण?

गंगासागर ऐकत होती. अकरा वर्षं जेवताना तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

"ही तुमची बोट हाय," ती हळूच म्हणाली.

"स्वतःबद्दल लिहिण्यासारखं काही सापडलं नाही," मी पुटपुटलो.

ती उठली. जन्मात कधी माईक न धरलेल्या त्या बाईने अजिनाथांच्या हातून माईक घेतला. "एक गोष्ट लिवायची राहिली. एकतीस वर्षांत यांनी एकाबी लेकरावर हात उचलला न्हाई."

मी ओशाळलो, कारण मुळात मी भित्रा. पालक भांडायला येतील म्हणून छडीला कधी हात लावला नाही. निदान आज खरं सांगून टाकावं म्हणून उभा राहिलो. तेवढ्यात मागच्या रांगांतली माझी जुनी पोरं, आता मिशा पिकलेली, एकेक करून उभी राहिली. मी तसाच खाली बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो.