एका पंगतीचं तेल

नवेगाव बांधच्या तलावातली मासळी बर्फाच्या पेट्यांतून कोहमाऱ्याला जाते, तिथून ढाब्यांवर आणि नागपूरला. काठावरच्या वस्तीतल्या पोरांच्या वाट्याला उरतो वास. म्हणून नागपूरच्या एका संस्थेनं मासळीचं तेल कॅप्सुलीत भरून याच पोरांसाठी परत पाठवलं, तेव्हा मुख्याध्यापक चंद्रशेखर कापगते गुरुजींना त्यात वावगं काही दिसलं नाही. त्यांना आपल्या खुर्चीमागचा खिळा दिसला. आदर्श मुख्याध्यापक पुरस्काराची चौकट लावायला तो त्यांनी केव्हाच ठोकून ठेवला होता. पुरस्कार दरवर्षी दुसऱ्याच शाळेत जाई आणि खिळ्याला गुरुजी टोपी अडकवत.

संस्थेच्या डॉक्टर समीक्षा समजावू लागल्या, "मुलं हाडकुळी आहेत, वाचनात मागे आहेत. तेलानं डोकं चालतं का, ते बघायचंय. निम्म्यांना लाल डबीतली कॅप्सूल, निम्म्यांना हिरव्या डबीतली. एकीत मासळीचं तेल, दुसरीत साधं. कशात काय, हे मलाही माहीत नाही."

"मग माहीत कोणाला?"

"संगणकाला. मुलांची नावंही त्यानंच वाटलीत. निकाल चांगला आला तर शाळेचं नाव होईल, सर."

गुरुजींनी टोपी खिळ्यावरून काढून डोक्यावर ठेवली. खिळा मोकळा असलेला बरा.

संगणकाचं गुपित मधल्या सुट्टीपर्यंत टिकलं. हिमांशूनं लाल कॅप्सूल दातानं फोडली, अल्कानं हिरवी, आणि दोघांनी एकमेकांची बोटं हुंगली. मासळी ओळखायला तलावाकाठच्या पोरांना नागपूर लागत नाही.

संध्याकाळी अल्काचा बाप राजदीप रामटेके खांद्यावरच्या जाळ्यासकट शाळेत आला. "गुरुजी, वच्छलाबाईच्या पोट्ट्याले खरी अन् माह्या पोरीले खोटी? काऊन?"

"अरे, चिठ्ठ्या टाकल्यासारखं हाय ते. संगणकानं वाटले."

"त्याची जात कोनती?"

गुरुजींनी घाईनं हात जोडले. "मशीन हाय बाबा!"

"माह्या आज्याले पंगतीतून उठवून दूर बसवत. आता एका पंगतीत दोन वाढप करून राहिले तुमी. उद्यापासून आमच्या टोलीतल्या एकाबी घरचं पोट्टं येनार नाही."

तो वळतो न वळतो तोच हिमांशूची आई वच्छलाबाई उभी. "माह्या धाकट्याले हिरवी कायले? एकाच घरात एकाले तेल, एकाले पानी?"

पोरंच आली नाहीत तर डॉक्टरीणबाई तोलणार कोणाला, आणि खिळ्याला लागणार काय? गुरुजी तडक स्वयंपाकघरात गेले.

"सुशिलाबाई, उद्यापासून लाल-हिरव्या साऱ्या फोडायच्या अन् खिचडीत ढवळायच्या. पंगत एक, वाढप एक."

"तुमी तं माळकरी, गुरुजी!"

"मी खातो काय? ढवळायले सांगून राहिलो."

खिचडी वाढण्याआधी गुरुजींनी चाखायची, असा नियम. त्या दिवसापासून गुरुजी दारातूनच 'चव उत्तम' म्हणू लागले.

चव खरंच उत्तम होती. मासळीचा वास सुटला आणि पोरं दुसऱ्यांदा ताट पुढे करू लागली. शेळ्यांमागे जाणारीही जेवायच्या आशेनं पाढ्यांपासून हजर. दुपारी बाकावर मान टाकणारी अल्का जागी राहू लागली आणि धान कापणीला येईस्तोवर बर्फाच्या पेट्यांवरची अक्षरं बापाला वाचून दाखवू लागली.

दिवाळीनंतर डॉक्टर समीक्षा आल्या. पोरं तोलली, वाचून घेतलं आणि सुस्कारा सोडला. "वजन वाढलंय, वाचनही सुधारलंय. पण दोन्ही गटांत अगदी सारखं! म्हणजे तेलाचा उपयोग नाही. पुरवठा बंद करावा लागेल."

सारं तेल खिचडीच्या एकाच गंजात गेलं, हे वाक्य गुरुजींच्या ओठापर्यंत आलं.

"मग सुधारणा झाली कशानं?" डॉक्टर म्हणाल्या. "एकच कारण उरतं. तुमचं शिकवणं, सर. मी तसंच लिहिते."

गुरुजींनी वाक्य गिळलं. माळ घातल्यापासून मासळीचं त्यांच्या पोटात गेलं ते एवढंच.

पुरस्कार मिळाला. चौकट खिळ्यावर चढली. इकडे डब्या संपल्या, खिचडी पुन्हा बिनवासाची झाली, ताटं अर्धी परत येऊ लागली. अल्काची मान पुन्हा बाकावर. आणि नेमका तेव्हाच वरून फोन आला: संक्रांतीनंतर साहेब लोक गुरुजींचं शिकवणं बघायला येणार.

त्याच दिवशी राजदीप आला. "पोट्टी पुन्हा झोपून राहिली, गुरुजी. तेल कायले बंद केलं?"

"त्याचा उपयोग नाही, असं सिद्ध झालं."

"कोनं केलं सिद्ध?"

गुरुजींनी चौकटीकडे पाहिलं. "मीच."

राजदीपनं खिडकीकडे बोट केलं. तिथून वर्ग दिसत होता. अल्काच्या गालाखाली पुस्तक होतं, उघडं, उलटं. गुरुजींच्या डोळ्यांपुढे साहेब आले. मग डोळ्यांपुढून साहेब गेले तरी अल्का तशीच राहिली.

"राजदीप, पेटीवाला घेत नाही ती बारीक मासळी काय करता?"

"वाळवतो. अर्धी मांजरं नेते."

"ती शाळेत आनत जा. बदल्यात माह्या घरचे तांदूळ ने. अन् हे कोनाले सांगू नको."

"मास्तर, मासळीचं कोनाले सांगा लागते काय?"

साहेब आले तेव्हा अल्कानं धडा न अडखळता वाचला. एका साहेबांनी नाक वर केलं. "वास कसला येतोय?"

"तलाव जवळ हाय, साहेब," गुरुजी म्हणाले.

शाळेत मांजरं आता वर्गाइतकीच नियमित येतात. त्यांची उडी पोचत नाही अशी जागा एकच, गुरुजींच्या खुर्चीमागचा खिळा. सुशिलाबाईंनी न विचारता चौकट उतरवली आणि वाळल्या मासळीची पिशवी तिथं टांगली. गुरुजींनी चौकट उचलून खालच्या फळीवर ठेवली. तिला मांजरं तोंड लावत नाहीत.