हरतालिकेची वाळू

हरतालिकेच्या सकाळी रत्नाला पिंडीसाठी वाळू हवी होती. समुद्रकिनारा सिंगापुरातल्या बेडोकच्या आमच्या फ्लॅटपासून दहा मिनिटांवर. पण तिथल्या वाळूत कुत्री फिरतात आणि त्यांचे मालकही, म्हणून ती बाद. समुद्रात भराव घालायला कुठल्याशा देशातून आणून कुंपणाआड ओतलेला वाळूचा डोंगर तिला पसंत पडला. मी चाळीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली. आता पिशवी सांभाळतो. कुंपणाचा पत्रा सरकवून दोघं आत शिरलो.

पहिला चढ चढून मागे पाहिलं तर इमारती काडेपेटीएवढ्या झाल्या होत्या. दुसऱ्या चढावरून त्याही दिसेनात. ऊन डोक्यावर येऊन थांबलं होतं आणि पायाखालची वाळू संथ श्वास घेत होती.

"इथलीच घे वाटीभर आणि चल," मी म्हणालो.

"कुठे चल? आधी वाट दाखवा, मग हुकूम सोडा."

पुढे काटेरी तार होती. तारेत एक फट, फटीपाशी माठ घेऊन बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे लांबच लांब रांग. कोणी बोलत नव्हतं. सिंगापूरच्या मानानेही ती फार शिस्तीची रांग होती. तारेपलीकडे चक्क आमचीच इमारत दिसत होती, बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांसकट.

रत्ना खाली बसून पदरात स्वच्छ वाळू निवडू लागली. मी रांगेत शिरलो.

"पाणी प्यायचं, पलीकडे जायचं," माठवाला म्हणाला. कोणत्या भाषेत ते आठवत नाही. सूर खिडकीमागच्या कारकुनाचा होता.

मी प्यालो. पाण्याला चव नव्हती. तार ओलांडली. माझ्या पुढचा माणूस तीन पावलं चालला आणि बाहीतून, विजारीतून वाळू होऊन ओघळला. त्याच्या पुढचाही तसाच. आवाजसुद्धा झाला नाही. मी स्वतःचे हात चाचपले. हात होते.

"माझं काय?" मी विचारलं.

माठवाल्याने रत्नाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "यांनी तुमच्यासाठी पाणी सोडलंय. तोवर तुम्ही आहात. त्या प्याल्या, की दोघंही नाही."

एवढ्यात ती आलीच. त्याने पेला पुढे केला.

"मला उपास आहे. निर्जळी," रत्ना म्हणाली.

"मग पलीकडे जाता येणार नाही, बाई."

"उद्या उजाडलं की सोडेन, तेव्हा पिईन. तुमचा माठ काय पळून जातोय?"

तिने तिथेच पिंड केली आणि पूजेला बसली. रांगेतले दोघेचौघे हात जोडून तिच्यामागे बसले.

मी चालत घरी आलो. त्यानंतर गणपती आले आणि गेलेही. रोज सकाळी मी कुंपणापाशी जातो. तार असते, आणि तारेपलीकडे त्याच अडकलेल्या दुपारी रत्ना बसलेली असते. ओठांना चिरा पडल्यात.

"अहो," ती विचारते, "तुमच्याकडे उजाडलं का?"

माझ्यामागे बेडोकचा बाजार उघडलेला असतो. कोणीतरी कॉफी ढवळत असतं. तिला सगळं सांगायचंच, असं ठरवून मी रोज घरून निघतो.

"नाही अजून," मी म्हणतो. "पड जरा."