कणगीत प्लॅस्टिकची कणसं

मी कणगी बोलतेय. नवापूर तालुक्यात गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यावरची. सध्या मुक्काम एका पर्यटन केंद्राच्या फाटकापाशी. माझ्या पोटात प्लॅस्टिकची मक्याची कणसं भरली आहेत आणि मला त्यांची शिसारी येते.

मला मंगळीबाईने विणलं. बांबू तिने स्वतः चिरला, बोटं कापून घेतली, मग शेणमातीने मला आतूनबाहेरून लिंपलं. खायचं धान्य दुसरीकडे असायचं. माझ्यात फक्त बियाणं. त्यांच्या घरचं तांबडं भात, राख मिसळून ठेवलेलं. माझ्या अंगातून वारा फिरतो, म्हणून दाणा जिवंत राहतो. बावीस वर्षांत माझ्यातलं बियाणं रुजलं नाही, असं एकदाही झालं नाही. ही फुशारकी आहे. मारू द्या मला.

उन्हाळ्यात हेमकांत आला. नंदुरबारकडचा, रस्त्यालगत जागा घेऊन त्याने हे केंद्र काढलं होतं. मला बघून तो मंगळीबाईच्या नवऱ्याला म्हणाला, "रेंग्याकाका, ही कणगी माले देई दे. सुरतना लोके येतस, त्यास्ले असंच जुनं लागस. तुले बी रविवारनं काम देस."

रेंग्याने हो म्हणून मान हलवली. मोठ्या माणसाने मागितलं की त्याची मान आपोआप हलते. पाड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं हेच. कुणी नांगर दिला, कुणी ढोल, आणि वर चहाही पाजला.

नंदुरबारला कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी प्रिस्किला तेवढी आडवी आली.

"बा, बियाणं कुठे ठेवशील? हेमकांतभाऊंच्या खिशात?"

"गोणीत राहील. चार बुकं वाचलीस म्हणून बापाला शिकवू नको."

"आईला तरी विचार."

"तिला काय विचारायचं?"

जिने मला विणलं तिला काय विचारायचं! मंगळीबाई चुलीपाशी उभी होती. तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. तिचाही मला राग आहे.

पुढचं मला जूनमध्ये कळलं. प्रिस्किला केंद्रावर आली. रविवार होता. रेंग्या हेमकांतने दिलेला भगवा फेटा बांधून माझ्याशेजारी उभा होता, पर्यटकांना फोटोसाठी.

"आईने वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून बघितले," ती म्हणाली. "दोन रुजले. बाकीचे खताच्या गोणीत उकडून मेले."

"शेतीच्या कचेरीतून आण ना बियाणं."

"गेले होते. इकडचे म्हणतात, घर इथे असलं तरी शेत नाल्यापलीकडे गुजरातेत, तिकडे मागा. तिकडचे म्हणतात, रेशनकार्ड महाराष्ट्राचं, परत जा. आता काय पेरू, तुझा फेटा?"

हेमकांत धावत आला. "पोरी, पाव्हनास्ना मोरे तमाशा नको करू."

"कणगी परत द्या."

"तिनावर आते मन्हा केंद्रनं नाव शे."

खरंच आहे. पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलंय. प्रिस्किलाने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "दिलेली वस्तू परत मागू नये, बाई." ती निघून गेली. मला पाय असते तर मीही गेले असते.

यंदा त्यांचं शेत पडीक आहे. मंगळीबाई दुसऱ्यांच्या चिखलात दुसऱ्यांचं भात लावायला जाते. तांबडं भात त्यांच्याकडेच उरलं होतं, आता पाड्यावर कुणाकडेही नाही. आणि रेंग्या दर रविवारी माझ्या पाठीवर हात ठेवून पाहुण्यांना सांगतो, "ह्यात आमचं बियाणं राहतं."

राहतं, म्हणतो. पाहुणे माना डोलावतात, फोटो काढतात, गाडीत बसतात.

तुम्ही कधी इकडे आलात तर फोटो काढू नका. माझ्यात हात घाला. एक कणीस बाहेर काढा, रेंग्याच्या हातात द्या आणि विचारा, "हे कधी पेरणार?" मग हेमकांतला बोलवा आणि त्यालाही हेच विचारा. उत्तर मिळेपर्यंत तुम्ही गाडीत बसू नका.