सात नंबर बंद

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण मी डाळजच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आलो त्या दिवशी तिथले राखणदार सावळारामतात्या बटण शोधत मला चारी बाजूंनी चाचपत होते. मी चोवीस खाचांची चपटी पेटी आहे. प्रत्येक खाचेत एक वायर, तिच्या टोकाला एक यंत्र. एकाचे म्हणणे दुसऱ्याला पोचवायचे, हेच माझे काम. सातव्या खाचेत भाजीच्या थंड खोलीचा तापमापक होता.

गेल्या वर्षी बारामतीहून केशव नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने मला तक्रार करायला शिकवले. बारामतीच्या ऑफिसात एक देखरेखीचा संगणक असतो. त्याचा पत्ता केशवने माझ्यात लिहिला, तो संगणक आणि मी अशा आम्हा दोघांपुरता एक परवलीचा शब्द ठरवला, आणि कोणत्या गोष्टी कळवायच्या त्यांच्यावर खुणा केल्या : वायर निघाली, पंखा थांबला, वीज गेली. मी संगणकाला कळवायचे आणि संगणकाने केशवच्या मोबाइलवर निरोप धाडायचा. केशवने सात नंबरची वायर उपसून पाहिली. लॅपटॉपवर माझी तक्रार बारामतीला पोचलेली दिसली. तो खूश झाला. मोबाइल मात्र त्याने पाहिला नाही, कारण तो मोटरसायकलच्या डिकीत होता.

मी कामाला लागलो. तात्या माझ्या खिळ्याला जेवणाची पिशवी अडकवत. पिशवीचा धक्का लागून सातवी वायर सुटे. मी लगेच कळवी. कोणी येत नसे. दुपारी तात्या पिशवी काढायला येत, लोंबणारी वायर पाहत आणि पुन्हा खोचून ठेवत. असे अकरा वेळा झाले. माझ्या बोलण्याला काही किंमत नाही, अशी माझी खात्री होऊ लागली होती.

बाराव्या खेपेला, वैशाखातल्या एका दुपारी, हातात मोबाइल घेऊन एक बाई आल्या. पदराने घाम पुसत त्यांनी विचारले, "हितं सात नंबर कुणाचा हाय?"

"मावशी, माल उतरायचा आसंल तर पलीकडं," तात्या म्हणाले.

"माल न्हाय आणला. मी कऱ्हाटीची सिंधुबाई. बारामतीत गाडी बदलून आले. तुमचा सात नंबर बंद हाय, ते सांगाया."

तात्या गोंधळले. सिंधुबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळे सांगितले. त्यांच्या मोबाइलवर सारखा निरोप येई, 'सात नंबर बंद'. त्यांच्या वांग्याच्या प्लॉटला पाण्याचे आठ व्हॉल्व्ह. निरोप आला की त्या उन्हातान्हात सातव्या व्हॉल्व्हपाशी जात. तो बरा चाललेला असे. एकदा तर त्यांनी नवा व्हॉल्व्हच बसवला. आज सकाळी सून मोनाने तो निरोप नीट वाचला, तेव्हा खाली 'डाळज कोल्ड स्टोरेज' असे निघाले.

"आता कुणाचं तरी कायतरी बंद पडलंय म्हटल्यावर घरी बसवंना," त्या म्हणाल्या.

"हितं समदं चालू हाय. ह्यो बघा खोलीचा आकडा, आठ," तात्यांनी तापमानाचा पडदा दाखवला.

"सकाळी किती व्हता?"

"आठच."

"आन काल?"

तात्या पडदा सोडून माझ्यापाशी आले. त्यांनी पिशवी बाजूला केली. सातवी वायर लोंबत होती. ती खोचताच पडद्यावर अडकून बसलेला आठ गेला आणि एकोणीस आला. तात्या चप्पल न घालता खोलीकडे पळाले. थंडाव्याचे यंत्र सकाळीच बंद पडले होते. आत पन्नास शेतकऱ्यांची ढोबळी मिरची होती. यंत्र सुरू झाले, दोघांनी मिळून क्रेट उघडून पाहिले. दारापाशीचे चार क्रेट मऊ पडले होते. बाकी माल वाचला.

संध्याकाळच्या आत केशव आला. मोबाइल नंबर टाकताना त्याने तीनच्या जागी आठ टाकला होता. तो कानापर्यंत लाल झाला. "काकू, चूक माझी. तुमचा नंबर आत्ता काढून टाकतो."

"काढू नगा," सिंधुबाई म्हणाल्या. "तुमचा लिवा, माझाबी ऱ्हाऊ द्या. तुमी परत डिकीत ठेवला तर?"

डिकीचे त्यांना तात्यांनी सांगितले असावे.

तेव्हापासून माझी तक्रार दोन ठिकाणी जाते. परवा माझा पंखा थांबला. केशव धावत आला तेव्हा त्याच्या मोबाइलवर बोलणे चालूच होते. "हो काकू, पोचलो. हो, पंखाच आहे. नाही काकू, निरोप वाचायच्या आधीच तुमचा फोन आला."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना बोलायला जरूर शिकवा. पण मग पलीकडच्या माणसाला एक फोन करून विचारा, ऐकू आले का. आम्ही आपले सांगतच राहतो. आम्हाला वाटते, कोणीतरी ऐकत असेल.